रुख्माबाईसाठी केलेली प्रार्थना

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घबराने की कोई बात नहीं. साधी चरबीची गाठ आहे, राहू द्या तिथंच," आणि देवकाच्या पोटात काहीतरी खाली बसलं. रांगेत उभं राहून राहून आपली पाळी यावी आणि नेमकी खिडकी बंद व्हावी, तसं. ते इतकं पटकन झालं की तोंडावर हसू आणायला तिला सवडच मिळाली नाही. हसू मागून आलं, हात आपोआप जोडले गेले, "देवाची कृपा" असं तोंडातून निघालंसुद्धा. पण त्याच्या आधी जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. समोर स्टुलावर रुख्माबाई पाठमोरी बसून पोलक्याच्या गुंड्या लावत होती. तिनं विचारलं, "म्हंजे कापायची नाई?" "नाही आजी." "मंग एवढी मोठी सुई कायले टोचली व?" डॉक्टरीणबाई हसल्या. हसता हसता त्यांनी देवकाला विचारलं, तुम्ही यांच्या कोण? देवका नेहमीसारखी गडबडली आणि नेहमीसारखं उत्तर रुख्माबाईनंच दिलं. "लहानी होय माही." डॉक्टरीणबाईंनी बहीण समजून घेतलं असेल, नाहीतर जाऊ. गोंदियात पुढचं विचारायला कोणाला वेळ नसतो, आणि पुढच्या पेशंटनं तोवर दार ढकललं होतं.

दवाखान्याच्या फाटकाशी एक बाई उकडलेले शिंगाडे विकत बसली होती. रुख्माबाईनं ते घेतले. इतके दिवस जेवण बेताचं झालेल्या त्या बाईला आज सपाटून भूक लागली होती. ऑटोत बसल्यावर ती एकेक शिंगाडा सोलून आधी देवकाच्या हातावर ठेवी, मग आपण खाई. देवका चावत राहिली. तोंड पिठूळ झालं होतं आणि घास खाली उतरत नव्हता. मघाशी झालं ते काय होतं, हे ती शोधत होती. सकाळपासून नुसत्या चहावर आहोत, म्हणून पोटात खड्डा पडला असेल. दवाखान्याच्या वासानं मळमळलं असेल. मोठी काळजी एकदम उतरली की अंगातलं बळ जातं म्हणतात, तसं असेल. एकेक कारण ती हातात घेत होती आणि बाजूला ठेवत होती, बाजारात किडकी वांगी ठेवतात तसं. शेवटी तळाशी जे उरलं ते तिच्या ओळखीचं होतं. तिला वाईट वाटलं होतं. रुख्माबाई जगणार, म्हणून तिला वाईट वाटलं होतं. हे वाक्य मनात सरळ उभं राहिलं तेव्हा तिनं ऑटोचा दांडा घट्ट धरला आणि ती बाहेर बघायला लागली. बाहेर नेहमीचाच रस्ता होता, धानाच्या पोत्यांचे ट्रक, राईस मिलचा कोंडा, हॉर्न. शेजारी बसलेल्या माणसाला आपल्या मनातलं ऐकू येत नाही ही देवाची केवढी मेहेरबानी. आणि देवाला येतं ही केवढी पंचाईत. तिनं मान वळवली नाही. हातावर आणखी एक सोललेला शिंगाडा आला आणि तिनं तो खाल्ला.

तेवढ्यात फोन वाजला. पास्टर उमेंद्र होते. छत्तीसगडकडचा माणूस, मराठी बोलता बोलता हिंदीत घसरणारा; एका राईस मिलच्या मागं टिनाच्या शेडमध्ये त्यांचं प्रार्थनाघर होतं आणि देवका काही वर्षांपासून दर रविवारी तिथं जात होती. "बहन, रिपोर्ट?" "साधी गाठ निघाली जी." पलीकडून इतक्या जोरात हालेलूया आलं की ऑटोवाल्यानंही आरशात पाहिलं. मग ते म्हणाले, इतवारला साक्ष द्यायची, सगळ्या मंडळीनं प्रार्थना केली आहे, प्रभूनं काय केलं ते त्यांना तुझ्या तोंडून कळलं पाहिजे. देवका हो म्हणाली. नाही म्हणायला कारण काय द्यायचं? गाठ सापडल्यापासून दर रविवारी मंडळी तिच्यासाठी गुडघे टेकत होती. सगळ्यांत पुढं देवकाच असायची. पदर डोक्यावर घेऊन ती मोठ्यानं म्हणायची, "माह्या बाईले बरं कर प्रभू," आणि डोळ्यांतून पाणी यायचं, खोटं नव्हे, खरं पाणी. बायका तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. सवतीसाठी रडणारी बाई त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्या रडण्यात कोण कोणासाठी रडत होतं, हे मात्र देवकानं तेव्हा स्वतःला विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज उरली नव्हती.

"कोण होता व?" रुख्माबाईनं विचारलं. "पास्टर." "का म्हणते?" "रविवारी साक्ष दे म्हणते." "साक्ष? कोरटातली?" "नाई बाई. देवानं आपलं काय काम केलं, ते उभं राहून सांगायचं राहते." रुख्माबाईनं साल बाहेर फेकलं. "काम तं माहं केलं ना? मंग मी बी येईन. पाहू दे तं खरी, माह्या नावानं का का बोलतेस." ती खुशीत होती. देवका हसली, आणि आपल्याला इतकं नीट हसता येतं याचीच तिला किळस आली.

देवकाला पाहायला नवरा आला नव्हता, रुख्माबाई आली होती. सौंदडच्या स्टेशनावर एका म्हाताऱ्या मामाला घेऊन ती उतरली, आणि देवकाच्या बापाच्या ओसरीवर येऊन बसली. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. दुसरी आणायचीच आहे तर मी माझ्या डोळ्यांनी पाहून आणीन, म्हणजे पुढं पटलं नाही तर दोष माझा, असं तिनं नवऱ्याला, श्यामलालला, बजावलं होतं. तिनं देवकाला सुपात तांदूळ निवडायला दिले आणि निवडणाऱ्या बोटांकडे न पाहता तोंडाकडे पाहत बसली. मग मामाला म्हणाली, "पोरगी कुरकुरी नाई. चालते." देवकाच्या बापाला पोरीच पोरी, त्याला तर चालतच होतं. कायदा काय म्हणतो हे कोणी काढलं नाही, आणि काढणाऱ्याला कोणी जेवायला बोलावलं नसतं. श्यामलालच्या गावी, दवनीवाड्याच्या देवळात हार घातले गेले, पंगत बसली, आणि कंबरेला पदर खोचून वाढायला होती ती रुख्माबाई. पहिल्या रात्री खोलीत पाण्याचा तांब्या ठेवून तीच बाहेर गेली होती. दाराबाहेर तिची पावलं थोडा वेळ थांबली होती, हे देवकाला आठवत होतं. पुढं धर्मेंद्र झाला. त्याला तेल लावलं रुख्माबाईनं, शाळेत घातलं रुख्माबाईनं, दवनीवाड्याची शेती दिराकडे सोपवून गोंदियात किराणा दुकान टाकायला लावलं तेही तिनंच. पोरगा तिला माय म्हणायचा आणि देवकाला लहानी माय. घरात, दुकानात, गल्लीत देवका म्हणजे लहानी. कोणी वाईट वागवलं असतं तर रडायला जागा तरी झाली असती. कोणी वाईट वागवलं नाही.

शेजारच्या नीतूनं तिला प्रार्थनाघरात नेलं ते डोकं दुखायचं म्हणून. डोकं थांबलं की नाही हे देवकाला नीट सांगता आलं नसतं. तिथं पहिल्याच दिवशी एका बाईनं विचारलं, तुमचं नाव काय? देवका, असं ती म्हणाली आणि तिला आपलाच आवाज नवा वाटला. पुढच्या रविवारी दारातच, "या देवकाबहीण." एवढ्यावर ती जायला लागली. सातवीपर्यंत शिकलेली होती. बायबल बोट ठेवून वाचायला लागली. श्यामलालनं हरकत घेतली नाही. दोन बायका केल्यापासून त्यानं कशावरच मत द्यायचं सोडून दिलं होतं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, हा तर एकाच घरात पाहुण्यासारखा राहायचा. दुकानाच्या मागच्या खोलीत झोपायचा, दोघींपैकी कोणीही वाढलेलं मुकाट जेवायचा. दोघी बायका आतल्या खोलीत, एका दिव्याखाली. असं कित्येक वर्षं चाललं होतं.

मग एकदा प्रार्थनाघरातल्या एका पोरीचं लग्न ठरलं आणि पास्टर लग्नावर बोलले. देवानं आदामाच्या कुशीतून एक फासळी घेतली, ते म्हणाले, फासळ्या तर पुष्कळ होत्या, पण हात एकदाच घातला. एक पुरुष, एक बाई. दोघं आईबापांना सोडून निघतात आणि एक देह होतात. तिसऱ्याला त्या देहात जागाच नाही. जुन्या काळी मोठमोठ्या माणसांनी दोन-दोन, चार-चार केल्या, पुस्तकात लिहिलं आहे, लपवलेलं नाही. पण अशा एका तरी घरात सुख नांदलं असं लिहिलं आहे का, वाचून बघा. सगळे माना डोलवत होते. देवकाला वाटत होतं, सगळ्यांच्या माना आपल्याकडं वळल्यात. त्या दिवशी घरी येऊन तिनं खरंच वाचून पाहिलं. सारेला मूल नव्हतं. तिनंच नवऱ्याला म्हटलं, माझ्या दासीपाशी जा. हे वाचताना देवकाला सौंदडची ओसरी दिसली. त्या दासीला, हागारीला, पोरगा झाला, आणि मग एक दिवस तिच्या खांद्यावर पाण्याची मशक ठेवून तिला पोरासकट वाळवंटात घालवून दिलं. याकोबाच्या घरी दोघी बहिणी, पोरांवरून चढाओढ. एलकानाच्या घरी एक दुसरीला वांझ म्हणून रडवायची. देवका पानं उलटत राहिली. रुसवे होते, टोमणे होते, पोरांची मोजणी होती. दुपारी शेजारी शेजारी बसून एकाच ताटात चिवडा खाणाऱ्या दोघी तिला कुठं सापडल्या नाहीत. पास्टरांचं खरं असणार. पुस्तकात आपल्या घरासारखं घर नाही, म्हणजे आपलंच घर चुकीचं.

बाप्तिस्म्याचं तिनं विचारलं तेव्हा पास्टरांनी चष्मा काढून पुसला. वर्षातून एकदा ते नव्या लोकांना बोदलकशाच्या तळ्यावर नेत, पाण्यात उतरवत. देवकाला त्या पाण्यात जायचं होतं. दुसरं काही तिनं आयुष्यात मागितल्याचं तिलाच आठवत नव्हतं. "बहन, एक अडचण आहे," ते म्हणाले. पहिली असेपर्यंत पत्नी तीच. मग तू म्हणजे... आणि पुढचा शब्द त्यांनी उच्चारला नाही. भला माणूस होता, त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. न उच्चारलेला तो शब्द मात्र देवकानं नीट ऐकला. वेगळी राहा, ते म्हणाले, वेगळं घर कर, त्या माणसाशी भावाबहिणीचं नातं ठेव, मग उतरता येईल. तिनं विचारलं, "हागारीवाणी निघून जाऊ का जी?" "हागारीला वाळवंटात देव भेटला, बहन." "पाणी सरल्यावर भेटला," देवका म्हणाली. भावाबहिणीचं नातं तर कधीचंच झालं आहे, हे त्यांना सांगायची तिला लाज वाटली. आणि घर सोडायचं म्हणजे श्यामलालला नव्हे, रुख्माबाईला सोडायचं, हे त्यांना समजलं नसतं. शेवटी ते म्हणाले, "थांब. परमेश्वर वाट काढेल." ते अगदी साध्या मनानं म्हणाले. घरी चालत येताना देवकानं सगळ्या वाटा मनात फिरून पाहिल्या. एकच मोकळी होती, आणि तिच्या तोंडाशी रुख्माबाई बसली होती.

पोटात काही राहत नसे म्हणून पास्टरांची ती अडचण देवकानं रुख्माबाईलाच सांगितली. रुख्माबाई तेव्हा भाजी निवडत होती. "एवढंच ना? मंग मी देतो सोडून त्याईले. पंचाईपुढं काडी मोडून टाकतो. तू राह्य एकटी, जा पाण्यात." ती थट्टा करत नव्हती. दुसऱ्याच रविवारी देवकानं ओशाळत पास्टरांना विचारलं. ते म्हणाले, नाही, नाही, तारुण्यातल्या बायकोला सोडलेलं देवाला मुळीच खपत नाही. हे ऐकून रुख्माबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "म्हंजे तुमच्या देवाले मी मेलीच पायजे." देवका चिडली, "असं नोका बोलू बाई," म्हणाली, उठून गेली. चिडली कशाला? दुसऱ्यानं आपला खिसा चाचपला की चिडतात, तशी चिडली.

आणि मग थंडीत एका सकाळी आंघोळीला बसलेल्या रुख्माबाईची पाठ चोळून देताना खांद्याच्या खवाट्याखाली तिच्या बोटांना गाठ लागली. बोटं थांबली. "का झालं?" "गाठ आहे बाई." "राहू दे. म्हातारपणी अंगाले का फुलं येतील?" मग वाफेतून तिचा आवाज आला, मिस्कील: "मी मेली का सवतीची पुतळी गळ्यात घालावी लागते तुले, चांदीची, मेलेलीनं छळू नाई म्हणून. तुमच्या मंडळीत चालते का ते पुसून ठेव." देवका ओरडली तिच्यावर. दवाखान्यात जायचंच म्हणून हट्ट धरला. रुख्माबाई नाही म्हणत होती, सुईला भीत होती. देवकानं रोज कटकट केली, श्यामलालला मध्ये घातलं, धर्मेंद्रला नागपूरहून फोन करायला लावला, शेवटी ऑटो दारात आणून उभी केली. हे सगळं तिनं केलं होतं. आणि त्याच दिवसांत, पीठ मळताना, कपडे वाळत घालताना, तिच्या मनात दुसरंच एक घर मांडलं जात होतं. ती ते मांडायला बसत नसे. ते आपोआप मांडलं जाई. स्वयंपाकघरातली फळी आपल्या उंचीला खाली घेता येईल. धर्मेंद्र दारातून येईल आणि नुसतं माय म्हणेल. बोदलकशाचं पाणी कमरेला लागेल, पास्टरांचा हात डोक्यावर असेल. रुख्माबाईचं जांभळं लुगडं नीतूला द्यावं, की ठेवावं? इथं ती दचकून थांबे आणि दुप्पट जोरानं पीठ मळी. लुगडं! जिवंत बाई आतल्या खोलीत खोकत होती, आणि ही तिचं लुगडं वाटत होती. रविवारी ती सगळ्यांच्या पुढं गुडघे टेकायची, बरं कर म्हणायची. तोंड एका देवाशी बोलत होतं. मनही त्याच देवाशी बोलत होतं.

दवाखान्यातून येऊन दोघी ऑटोतून उतरल्या तेव्हा श्यामलाल दुकानाच्या फळीवरून उठून उभा राहिला. साधी गाठ, असं कळल्यावर तो "बरं झालं" म्हणाला, आणि गिऱ्हाईक नसताना उगीच तराजू पुसत राहिला. याला खरंच बरं वाटलं, देवकाच्या मनात आलं. ज्याला आपण कधी धड हिशेबात धरलं नाही, तो आपल्यापेक्षा स्वच्छ निघाला. संध्याकाळी धर्मेंद्रचा फोन आला. आधी मायशी बोलला, मग म्हणाला, लहानी मायले दे. "लहानी माय, तू होतीस म्हणून ती गेली दवाखान्यात. तुह्यासारखं कोणी नाई करत." देवकाला फोन ठेवून द्यावासा वाटला. कौतुक असं अंगाला चिकटतं हे तिला माहीत नव्हतं. "जेवलास का?" एवढंच तिनं विचारलं. नंतर ती मोरीत जाऊन तोंड धुऊन आली, पुन्हा थोड्या वेळानं धुऊन आली. रुख्माबाई म्हणाली, "रंग काढतेस का तोंडाचा?"

शनिवारपर्यंत तिनं साक्षीची वाक्यं जुळवून ठेवली. वाईट नव्हती. प्रभूची स्तुती असो, माझी बाई आजारी होती, मी विनवणी केली, मंडळीनं विनवणी केली, त्यानं ऐकलं. प्रत्येक शब्द खरा म्हणून खपला असता. मनातल्या मनात देवाची क्षमा तिनं मागून झाली होती, पुन्हा पुन्हा. आणि तो क्षमा करतो असं पुस्तकात जागोजाग आहे. पण त्यानं क्षमा केली तरी त्याचं काय गेलं होतं? त्याला थोडंच कोणी मारून टाकलं होतं मनात. ज्या बाईचं लुगडं वाटलं, ती तर अंगणात बसून उद्या नेसायच्या लुगड्याच्या घड्या हातानं दाबत होती आणि विचारत होती, तिथं चपला बाहेर काढतात का, कुंकू चालते का. "चालते," देवका म्हणाली. तिला वाटलं, ताप यावा, पाय मुरगळावा, मिलच्या रस्त्यावर ट्रक आडवा व्हावा. काही झालं नाही. रविवार नेहमीसारखा उजाडला.

टिनाच्या शेडमध्ये ऊन तापायला लागलं होतं. रुख्माबाईला खुर्ची दिली तर ती नको म्हणाली आणि बायकांत खाली अंथरलेल्या दरीवर मांडी घालून बसली. पास्टर दोन्ही हातांनी नमस्कार करून म्हणाले, आज जिच्यासाठी प्रार्थना केली ती माताजी स्वतः आली आहे. बायका वळून वळून बघत होत्या. रुख्माबाईही सगळ्यांकडे बघत होती, लग्नघरी आल्यासारखी. गाणी झाली. कोणाच्या तरी पोराला नोकरी लागली होती, त्याची साक्ष झाली. मग देवकाचं नाव घेतलं गेलं. ती उभी राहिली. पाय जड नव्हते, आवाज कापत नव्हता, हेच तिला वाईट वाटलं. "प्रभूची स्तुती," ती म्हणाली. "बाईची गाठ साधी निघाली. तुम्ही सगळ्याईनं प्रार्थना केली. देवानं तुमचं ऐकलं." इथं आमेन झालं. इथं बसायचं होतं. तिनं खाली पाहिलं. रुख्माबाई मान वर करून तिच्या तोंडाकडं पाहत होती, सुपातल्या तांदळाकडं न पाहणारी तीच नजर. देवका म्हणाली, "माहं नाई ऐकलं."

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग पुढच्या रांगेतला एक म्हातारा गहिवरून "आमेन" म्हणाला, मागून कोणीतरी म्हणालं, "देखो, कितनी नम्रता," आणि टाळ्या पडल्या. पास्टरांचे डोळे भरून आले होते. सगळं सांगून झालं होतं, आणि सगळ्यांनी ते चांगुलपणा म्हणून घेतलं होतं. आता खाली बसलं तर आयुष्यभर ही माणसं आपल्याला नम्र म्हणत राहतील. देवका बसणार होती. खरंच बसणार होती. गुडघे वाकायलाही लागले होते. तेवढ्यात रुख्माबाईनं, चारचौघांत कसं बोलायचं याची जिनं कधी पर्वा केली नाही त्या बाईनं, दरीवरूनच मोठ्यानं विचारलं, "मंग तू का मांगितलं होतं व?"

टाळ्या थांबल्या. टिनावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज यायला लागला. देवकाला वाटलं, हिला उत्तर माहीत नाही. हिला खरंच माहीत नाही, म्हणून तर अशी पोरासारखी विचारते आहे. "तोंडानं तुम्हाले बरं कर म्हटलं, बाई," ती म्हणाली. "मनानं नाई म्हटलं." रुख्माबाई तशीच बघत राहिली. "मनानं का म्हटलं?" "तुम्ही जावं म्हटलं."

कोणीतरी बाई "हाय रे" म्हणाली. रुख्माबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, तो सारखाच होता, तरी पुन्हा केला. तिच्या ओठाची एक बाजू हलत होती. एवढी वर्षं देवकानं तिला रागावलेली पाहिली होती, हसताना पाहिली होती, पण अशी, काय करावं हे न समजलेली, कधी पाहिली नव्हती. आणि हे आपण केलं, भर मंडळीत, तिच्या चांगल्या लुगड्यात तिला बसवून केलं. खोटं बोलून झाकलं असतं तर निदान ही अशी दिसली नसती. खरं बोलण्यातसुद्धा आपण आपलंच ओझं उतरवलं, तिच्या डोक्यावर.

"मंग मले दवाखान्यात कायले ओढत नेलं?" रुख्माबाईनं विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता. "मी तं येत बी नव्हती."

"तुम्ही वाचाव्या म्हणून."

"ते बी तोंडानंच?"

"नाई. ते मनानं."

रुख्माबाई यावर विचार करत बसली. सगळी मंडळी तिच्या विचाराची वाट पाहत होती, पास्टरसुद्धा. मग तिनं दरीवर हात टेकला, उठायचा प्रयत्न केला, आणि तिला उठता आलं नाही. शेजारच्या बायका धावल्या. तिनं त्यांना हातानंच दूर केलं. देवकाकडं न पाहता दोन्ही हात वर धरले आणि म्हणाली, "पाय झोपले माहे. तू उठव."

देवका वाकली. ते हात हातात घेताना तिला कोणाच्याच तोंडाकडं बघवलं नाही. रुख्माबाईनं तिचे हात घट्ट धरले, अगदी दुखतील इतके घट्ट, आणि आपला सगळा भार तिच्यावर टाकला.